ब्रोमो आणि इजेन : ठाणे-नवी मुंबईहून जाणाऱ्यांसाठी वृत्तांत

पूर्व जावातले ब्रोमो आणि इजेन हे दोन जागृत ज्वालामुखी एकाच फेरीत होतात. ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे इथल्या ट्रेकर मंडळींच्या गटाने ही फेरी केली. त्यातलं मागून जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल तेवढं इथे लिहिलं आहे. गटातले काही जण टीटीसी या नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत सेफ्टीचं काम करतात, त्यामुळे वायू आणि मास्क या विषयाला जागा जास्त गेली आहे. ती जायलाच हवी. फोटोंत निळ्या ज्वाळा आणि धुक्यातला सूर्योदय दिसतो. वारा फिरला की डोळे उघडत नाहीत, हे फोटोत येत नाही. आणि लाल लाव्हा बघायच्या आशेने कुणी निघत असेल तर तिकीट काढू नका, तो या दोन्हीकडे बघायला मिळत नाही.

आधी थोडं दगडाबद्दल, कारण हा प्रश्न हमखास निघतो. पारसिकचा डोंगर, मुंब्रा, येऊर, खारघरची टेकडी हे सगळं ज्वालामुखीचंच काम आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पातळ लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला. त्याचं आता काही जिवंत उरलेलं नाही. वज्रेश्वरी-अकलोलीची कुंडं गरम आहेत, पण त्याचा ज्वालामुखीशी संबंध नाही. खोल मुरलेलं पाणी तापून भेगांतून वर येतं, एवढंच. जावाचं प्रकरण वेगळं आहे. तिथे समुद्रतळाची प्लेट बेटाखाली सरकते आणि जाताना पाणीही घेऊन जाते. त्यातून तयार होणारा शिलारस घट्ट आणि वायूंनी भरलेला असतो. वायूला सहज सुटायला वाट मिळत नाही, मग तो फोडून बाहेर येतो. म्हणून तिथे भीती वाहत्या लाव्हाची कमी आणि वायू, राख व उडणाऱ्या दगडांची जास्त. खाली जे जे सांगितलं आहे ते याच कारणातून निघतं.

निघण्याआधी बघायची गोष्ट

हॉटेलच्या आधी धोक्याची पातळी बघा. इंडोनेशियात ज्वालामुखींवर नजर ठेवणारी सरकारी संस्था पीव्हीएमबीजी. ती प्रत्येक ज्वालामुखीला चार पातळ्यांपैकी एक देते: एक म्हणजे नॉर्मल, दोन ‘वासपादा’, तीन ‘सियागा’, चार ‘आवास’. हीच माहिती ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या ॲपवर रोज येते, सोबत विवरापासून किती अंतर ठेवायचं तेही. ब्रोमो बऱ्याचदा दोनवर असतो आणि तेव्हा शिफारस असते विवरापासून एक किलोमीटर लांब राहण्याची. प्रत्यक्षात त्याच दिवशी पायऱ्यांवर शेकडो पर्यटक असतात, जीपवालेही ‘काही होत नाही’ म्हणतात. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, पण माहिती असून घ्यायचा. जून २००४ मध्ये ब्रोमोचा अचानक स्फोट झाला त्यात विवराजवळचे दोन पर्यटक गेले. अशा छोट्या स्फोटांत आत साचलेलं पाणी एकदम वाफ होऊन फुटतं आणि त्याची पूर्वसूचना फारशी मिळत नाही. पातळी तीन असेल तर काठावर जायचा विषयच काढू नका. व्ह्यूपॉइंटवरून बघा, तिथून दृश्य तसंही जास्त चांगलं आहे.

दुसरं, तारखा. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ सगळ्यात स्वच्छ, पण थंडीही सगळ्यात जास्त. ब्रोमोच्या वाळूवर पहाटे दहिवर गोठलेलं दिसतं. न्येपी या तिथल्या हिंदूंच्या मौनाच्या दिवशी आणि कसादा उत्सवाच्या वेळी ब्रोमोचा परिसर पर्यटकांना बंद असतो. ब्रोमोभोवती राहणाऱ्या तेंगर लोकांच्या पंचांगातल्या ‘केपितू’ महिन्यात आत गाड्या नेता येत नाहीत. तारखा चंद्रावर असल्याने दरवर्षी सरकतात, म्हणून बुकिंगआधी उद्यानाची सूचना वाचा.

जायचं कसं

सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलून सुराबाया, आणि परत येताना बाली. असा एकाच दिशेने जाणारा मार्ग सगळ्यात सोपा पडतो. सुराबाया गुबेंग स्टेशनवरून प्रोबोलिंगोपर्यंत रेल्वेने दोन तासांच्या आसपास, तिथून ब्रोमो. मग प्रोबोलिंगोहूनच पुढची गाडी केतापांगला, म्हणजे बान्युवांगीच्या बंदराशेजारी. तिथून इजेन. शेवटी फेरीबोटीने बाली. तिकिटं रेल्वेच्या ‘ॲक्सेस बाय केएआय’ ॲपवर पासपोर्ट नंबर टाकून निघतात. गाड्या वेळेवर सुटतात. ‘पाच मिनिटं इकडेतिकडे’ ही आपली लोकलची सवय तिथे महागात जाते.

व्हिसा भारतीयांना पोचल्यावर मिळतो, पण ऑनलाइन ई-व्हिसा आधीच काढला तर रांग वाचते. शुल्क ५,००,००० रुपिया, मुदत ३० दिवस. पासपोर्टची सहा महिने वैधता उरलेली हवी. बालीत उतरणाऱ्यांना वेगळा १,५०,००० रुपियाचा पर्यटक कर आहे. हिशेब घाबरवणारा वाटतो, त्यावर तोडगा असा: शेवटची तीन शून्यं उडवा आणि साडेपाचने गुणा. ब्रोमोचं परदेशी पर्यटकांसाठीचं प्रवेश तिकीट २,५५,००० रुपिया, म्हणजे २५५ गुणिले साडेपाच, साधारण १,४०० रुपये. दर बदलतात, गुणाकार थोडा कमीजास्त होईल.

प्रोबोलिंगो ते चेमोरो लावांग या काठावरच्या गावापर्यंत मिनीबस आहेत. त्या ठाणे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षेसारख्या, भरल्याशिवाय हलत नाहीत. चार-पाच जणांचा गट असेल तर उरलेल्या सीटचे पैसे देऊन निघणं शहाणपणाचं. दुपार उलटल्यावर माणसं जमत नाहीत आणि गाडी निघतच नाही. शहरातून येणाऱ्या बसचे कंडक्टर कधी कधी टर्मिनलऐवजी एखाद्या ट्रॅव्हल एजंटच्या दुकानासमोर उतरवतात आणि ‘इथूनच बस आहे’ म्हणतात. मोबाइलवर नकाशा उघडा ठेवा आणि प्रोबोलिंगोचं बायुआंगा टर्मिनल आल्याशिवाय उतरू नका.

ब्रोमो आणि तेंगर

चेमोरो लावांगला पोचल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की ब्रोमो हा डोंगर नसून एका अवाढव्य वाडग्यातला छोटा शंकू आहे. मूळ तेंगर ज्वालामुखी कोसळून तयार झालेला खड्डा १० किलोमीटरहून रुंद आहे. त्याचा तळ काळ्या-करड्या वाळूचा, आणि त्यावर उभे बातोक आणि ब्रोमो. समोर हिरवा, घड्या पडलेला, अगदी देखणा दिसतो तो बातोक. निम्मे लोक त्यालाच ब्रोमो समजून फोटो टाकतात. ब्रोमो त्याच्या डावीकडचा बुटका, माथा उडालेला, धुरकट. उंची २,३२९ मीटर. मागे दूरवर दिसतो तो सेमेरू, ३,६७६ मीटर, जावातला सगळ्यात उंच. तो दर थोड्या वेळाने राखेची भुसभुशीत फुंकर सोडतो.

सूर्योदयासाठी बहुतेक जीप पेनांजाकानला जातात, २,७७० मीटरवर. तिथे गर्दी इतकी की मागच्या रांगेतल्याला पुढच्याचा मोबाइलच दिसतो. चेमोरो लावांगहून चालत सेरुनी पॉइंटकडे किंवा त्यावरच्या किंगकाँग हिलकडे जाणं जास्त बरं. साधारण दीड तासाचा चढ आहे आणि वाट अंधारातही सापडते. हेडटॉर्च मात्र हवाच, कारण त्याच वाटेवरून घोडे आणि मोटरसायकली जातात. सूर्योदय साडेपाचच्या आसपास. साडेचारला पोचलात की जागा मिळते, पण घाम आलेला असतो आणि वारा लागतो. चढताना पातळ कपडे घाला, वर पोचल्यावर कोरडा टीशर्ट बदलून मग जॅकेट. नवी मुंबईच्या हवेत ज्याला हिवाळी जॅकेट म्हणतात ते इथे पुरत नाही. पहाटेचं तापमान ५ अंशांपर्यंत आणि जुलै-ऑगस्टमध्ये शून्याच्या जवळ जातं. आत थर्मल, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं, शिवाय कानटोपी आणि हातमोजे एवढं लागतंच.

पेनांजाकानच्या सगळ्या जीप सूर्योदयानंतर एकदम खाली उतरतात आणि सात-साडेसातला विवराच्या पायऱ्यांवर रांग लागते. नऊनंतर ती ओसरते. तेवढ्या वेळात नाश्ता करा, वाळूतून चालत निघा. गावापासून पायथ्यापर्यंत साधारण तीन किलोमीटर. वाळूत पाय रुततो आणि वारा सुटला की बारीक राख उडते. हिला राख म्हणतात, पण ही जळून उरलेली राख नव्हे. हे दगडाचे आणि काचेचे धारदार कण असतात. डोळ्यात गेले तर चोळू नका, पाण्याने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी घालूच नका. कॅमेऱ्याची लेन्स वाळूत बदलू नका. पुसायच्या आधी ब्लोअरने उडवा, नाहीतर काचेवर ओरखडे येतात. इथे एन-९५ मास्क पुरतो, कारण प्रश्न धुळीचा आहे.

वाळूच्या समुद्रात खासगी गाडी नेता येत नाही, फक्त तिथल्या लोकांच्या जुन्या लँड क्रूझर जीप चालतात. एका जीपमध्ये पाच-सहा जण. कुठली ठिकाणं आणि किती तास हे बसण्याआधी स्पष्ट ठरवा, कारण ‘दोन ठिकाणं’ आणि ‘चार ठिकाणं’ असे वेगळे दर आहेत. घोडा पायऱ्यांच्या तळापर्यंतच जातो. पुढे अडीचशेच्या आसपास पायऱ्या स्वतःच चढायच्या. वर काठ अरुंद आहे. सिमेंटचा कठडा फक्त पायऱ्यांच्या आजूबाजूला, पुढे एका बाजूला विवर आणि दुसऱ्या बाजूला घसरती राख. कठडा संपतो तिथे थांबा.

वर काठावर गणपतीची छोटी मूर्ती आहे आणि तिच्यामुळेच ब्रोमो महाराष्ट्रात व्हॉट्सॲपवर पोचला. ‘सातशे वर्षांपासून बाप्पा ज्वालामुखी थोपवून बसलेत’ असा मजकूर फिरतो. थोपवून धरल्याचं म्हणाल तर २०१०, २०१५ आणि २०१९ मध्येही ब्रोमो फुटलाच होता. पण मूर्तीपुढे तिथल्या लोकांनी वाहिलेली फुलं असतात, भाव खरा आहे. नमस्कार करा, फुलं खाली विकत मिळतात. प्लास्टिकचे हार, उदबत्तीची पाकिटं आणि नारळाची पिशवी तिथे टाकून येऊ नका.

विवराभोवती राहणारे तेंगर लोक हिंदू आहेत. आजूबाजूच्या मुस्लिम जावात हा वेगळा गट डोंगरावर टिकून राहिला. पायथ्याशी वाळूत त्यांचं ‘पुरा लुहूर पोतेन’ हे मंदिर आहे. त्यांची कथा अशी: रोरो आंतेंग आणि जोको सेगेर या जोडप्याला मूल नव्हतं. ज्वालामुखीच्या देवाने पंचवीस मुलं दिली, अट अशी की धाकटं परत द्यायचं. आईबापांनी टाळाटाळ केली, धाकटा कसुमा विवरात गेला आणि त्याने सांगितलं की दरवर्षी मला शेतातलं वाण आणून द्या. दोघांच्या नावांचे शेवटचे तुकडे जोडून ‘तेंगर’. आजही कसादा महिन्यातल्या पौर्णिमेच्या सुमाराला लोक रात्री भाज्या, धान्य, कोंबड्या, बकऱ्या, पैसे घेऊन काठावर जातात आणि आत टाकतात. त्याच वेळी विवराच्या आतल्या उतारावर, घसरत्या राखेत पाय रोवून, काही जण लांब दांड्यांच्या जाळ्या घेऊन उभे असतात. वरून आलेली कोंबडी, कोबी, नाणी ते जाळीत झेलतात आणि घरी नेतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

एवढ्या जवळ का राहतात याचं उत्तर उतारांवर दिसतं. कोबी, बटाटा, कांद्याची पात, गाजर अशा उभ्या चढांवर लावलेलं आहे, की खालून बघताना शेतकरी पडेल असं वाटतं. राखेची जमीन भुसभुशीत आणि सकस असते. पण तीच राख २०१०-११ मध्ये कित्येक महिने पडत राहिली तेव्हा पानं झाकली गेली आणि पिकं गेली. म्हणजे फायदा उशिरा येतो, नुकसान लगेच. वाटेने जाताना शेताच्या बांधावरून चाला, ओळीतून नाही. खांद्याभोवती सारोंग गुंडाळलेली वयस्क माणसं भेटतील. पुरुषांना ‘पाक’ आणि बायकांना ‘बू’ म्हणून हाक मारली की चेहरा खुलतो.

पायऱ्यांजवळ सुकलेली एडेलवाइसची फुलं विकायला असतात. हे झुडूप संरक्षित आहे, रानातलं तोडायला बंदी आहे. वोनोकित्री गावात पूजेसाठी त्याची लागवड करतात, घ्यायचीच असतील तर तिथली घ्या. आणि कोरड्या दिवसांत आग हा विनोद नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये प्री-वेडिंग शूटसाठी पेटवलेल्या धुराच्या नळकांड्याने इथलं गवताळ माळरान दिवसेंदिवस जळत राहिलं. आपल्याकडची जोडपी अशा शूटच्या कल्पना घेऊन जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सेमेरूचं शिखर करायचं मनात असेल तर सोडून द्या. परवानगी असलीच तर रानू कुंबोलो तळ्यापर्यंत. ४ डिसेंबर २०२१ ला सेमेरूच्या माथ्यावर साचलेल्या लाव्हाचा घुमट कोसळला, गरम राखेचा लोट नदीच्या घळीतून उतरला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पातळी थेट चारवर गेली आणि तळ्याकाठचे ट्रेकर अडकले. त्याच नद्यांच्या पात्रात लोक वाळू काढतात, ट्रक भरतात, कारण सेमेरूची वाळू बांधकामाला उत्तम. शिखरावर पाऊस पडला की राख आणि पाणी मिळून चिखलाचा पूर येतो, खाली ऊन असलं तरी. लुमाजांगकडून रस्त्याने जाणार असाल तर नदीपात्रात फोटोसाठी उतरू नका.

इजेन : मास्क आधी, ज्वाळा मग

इजेनचं आकर्षण दोन गोष्टींचं: रात्रीची निळी ज्वाळा आणि सकाळी दिसणारं हिरवट-निळं तळं. तळं सुमारे एक किलोमीटर लांब, आणि जगातल्या तीव्र आम्लाच्या तळ्यांत सगळ्यात मोठं. पीएच अर्ध्याहून कमी. बॅटरीतलं आम्ल म्हटलं तरी चालेल. त्यातून झिरपणाऱ्या नदीचं नावच बान्युपाहित, कडू पाणी. हे पाणी खाली असेंबागुसच्या सपाटीवर शेतीला जातं आणि त्यातल्या फ्लोराइडमुळे तिथल्या लोकांच्या दातांवर डाग पडतात. तळं भरून सांडू नये म्हणून डच काळात काठावर बांध घातला होता. पठारावर कॉफीचे मळे आहेत. बघायला वेळ ठेवा.

बान्युवांगीहून पालतुदिंग या पायथ्याच्या तळापर्यंत तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. प्रवेश पहाटे दोनला उघडतो. आरोग्य प्रमाणपत्र मागतात. ते बान्युवांगीतल्या दवाखान्यात थोडक्यात मिळतं, तिथलंच घ्या. ठाण्याच्या फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विसंबू नका. पण दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आपल्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि दमेकऱ्यांनी सरळ जाऊ नये असं आमचं मत. सल्फर डायऑक्साइडने श्वासनळ्या आकसतात, आणि दमा असलेल्याला ते फार कमी प्रमाणातही होतं. महिन्यातून देखभालीसाठी बंद दिवस असतो, तो विचारून घ्या.

चढ तीन किलोमीटर, उंची पाचशे मीटरच्या आसपास वाढते. पहिले दोन किलोमीटर खडा चढ, भुकटीची वाट, पुढे सपाट. दीड ते दोन तास. सरावाला मुंब्रादेवीच्या पायऱ्या किंवा पनवेलजवळचा कर्नाळा पाठीवर पाच किलो घेऊन दम न लागता होत असेल तर काळजी नाही. खारघर टेकडीच्या डांबरी रस्त्यावर चालण्याला सराव म्हणू नका.

आता मास्क. एन-९५ किंवा कापडी मास्क वायू अडवत नाही. तो कणांसाठी असतो. लागतो तो कार्ट्रिज, म्हणजे वायू शोषणारी डबी, असलेला मास्क. कार्ट्रिजवरचे रंग बघा: युरोपीय पद्धतीत पिवळा पट्टा, अक्षर ‘ई’, सल्फर डायऑक्साइडसाठी, आणि करडा, अक्षर ‘बी’, हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंसाठी. दोन्ही एकत्र असलेलं ‘एबीईके’ कार्ट्रिज सगळ्यात सोयीचं. अमेरिकन पद्धतीत रंगांचा अर्थ वेगळा आहे. तिथे पांढरा म्हणजे आम्ल वायू आणि पिवळा म्हणजे आम्ल वायू अधिक सेंद्रिय वाफा. त्यामुळे नुसत्या रंगावर न जाता लेबल वाचा. महापे, रबाळे, तुर्भे इथल्या सेफ्टीच्या साहित्याच्या दुकानांत हे सगळं मिळतं. दुकानदाराला ‘एसओटू आणि एचटूएस’ एवढं सांगितलं की तो बरोबर काढून देतो. एक्स्पायरी बघा. पाकीट घरी फोडू नका. एकदा हवा लागली की कार्ट्रिज ओलावा आणि वायू शोषायला लागतं. पालतुदिंगला फोडा, वापर झाला की झिप पिशवीत बंद करा.

पायथ्याशी भाड्याने मास्क मिळतात. मास्क ठीक असतो, पण कार्ट्रिज किती जणांनी वापरलं आहे ते कुणालाच माहीत नसतं. भरलेलं कार्ट्रिज बाहेरून अगदी नव्यासारखं दिसतं. म्हणून कार्ट्रिज आपलं न्या.

मास्क बसतो का ते घरीच तपासा. पट्टे आवळा, दोन्ही कार्ट्रिजच्या तोंडावर तळहात ठेवा आणि श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे आणि दहा सेकंद तसाच राहिला पाहिजे. मग उच्छ्वासाच्या झडपेवर हात ठेवून हलकेच फुंका. कडेने हवा निसटली, विशेषतः नाकाच्या बाजूने, तर पट्टे पुन्हा लावा. दाढी असेल तर मास्क बसतच नाही. दोन दिवसांची खुंटंही पुरेशी आहेत, त्यामुळे आदल्या संध्याकाळी गुळगुळीत दाढी करा. पूर्ण चेहऱ्याचा मास्क डोळेही वाचवतो, पण चष्म्याच्या काड्या त्याची कड उचलतात. चष्मेवाल्यांनी अर्धा मास्क आणि त्यासोबत भोकं नसलेला बंद गॉगल घ्यावा.

मास्क घातलेला असताना गंधकाचा वास किंवा जिभेवर आंबटपणा आला तर दोनच अर्थ: फट आहे किंवा कार्ट्रिज संपलं. दोन्ही वेळा लगेच वर चढायला लागा, ‘एक फोटो’ म्हणूनही थांबू नका. सल्फर डायऑक्साइड १०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाला की, जिवाला तातडीचा धोका मानतात. हायड्रोजन सल्फाइड त्याहून फसवा, कारण १००च्या वर नाकाला त्याचा वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नसतं. आणि कार्बन डायऑक्साइड कुठलंच कार्ट्रिज अडवत नाही. तो हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साचतो. विसाव्यासाठी खळग्यात बसू नका. मार्च २०१८ मध्ये तळ्यातून एकदम वायू सुटला तेव्हा डोंगरापासून लांब, झोपलेल्या गावांतले लोक दवाखान्यात पोचले होते.

वारा फिरून ढग अंगावर आला तर पळू नका. धापेने जास्त हवा आत जाते, आणि दगडांवर पाय मुरगळतो. मास्क दाबून धरा, डोळे मिटा, वाऱ्याच्या आडव्या दिशेला हळू सरका. बहुतेक वेळा मिनिटाभरात ढग सरकतो.

काठावरून खाली ज्वाळेपर्यंतची वाट दगडांची, अरुंद, पाऊण तासाची. ती उघडी आहे की नाही हे त्या रात्रीच्या पातळीवर ठरतं. बंद असेल तर वरूनच बघा, वाटाड्याला पैसे देऊन चोरवाट काढू नका. उघडी असेल तर एक नियम मनात ठेवा: वर येणाऱ्या खाणकामगाराला वाट आधी, आणि बाजूला व्हायचं ते डोंगराच्या अंगाला, दरीच्या नाही.

ज्वाळा म्हणजे काय ते खाली गेल्यावर कळतं. भेगांतून गंधकाचे वायू ६०० अंशांपर्यंतच्या तापमानाने बाहेर पडतात, हवा लागताच पेटतात आणि निळ्या दिसतात. थोडं गंधक द्रव होऊन जळत जळत उतारावरून ओघळतं, त्यालाच लोक ‘निळा लाव्हा’ म्हणतात. उजाडलं की आग तीच असते, फक्त दिसत नाही. म्हणून पहाटे चारच्या आत खाली पोचायला हवं.

त्याच ठिकाणी दिवसरात्र काम चालतं. कामगारांनी भेगांवर नळ्या बसवल्या आहेत. वायू त्यांतून जाताना थंड होतो आणि नळीच्या टोकाशी गंधक लालसर पाकासारखं टपकतं. जमिनीवर घट्ट होता होता नारिंगी, मग पिवळं. पहारीने त्याच्या लाद्या फोडतात आणि बांबूच्या दोन टोपल्यांत रचतात. टोपल्या एका लवचिक पट्टीच्या दोन टोकांना. ती खांद्यावर घेऊन माणूस चढायला लागतो तेव्हा पट्टी पावलांच्या तालावर करकरते. वजन ७० ते ९० किलो, बहुतेकांच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. खांद्यावर पट्टी जिथे टेकते तिथे मांसाचा गोळा वर आलेला असतो. तोंडाला बऱ्याच जणांच्या ओल्या कापडाची घडी, दातांत धरलेली. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल्या कापडाने थोडा फरक पडतो. थोडाच. मजुरी वजनावर, किलोला हजार रुपियाच्या आसपास, म्हणजे पाच-सहा रुपये. गंधक पुढे साखर पांढरी करायला, रबरात, काड्यापेट्यांत जातं.

काठापासून खाली पायथ्यापर्यंत आता अनेक जण ढकलगाडी वापरतात, आणि त्याच गाडीतून पर्यटकांनाही वर नेतात. गंधकापेक्षा त्यात जास्त मिळतं. चढ झेपत नसेल तर संकोच न करता गाडी घ्या, भाव आधी ठरवा, एकेरी की दुहेरी तेही. गटातले काका ‘माणसाने माणसाला ओढायचं?’ म्हणून अडून बसले तर त्यांना सांगा, पर्याय ९० किलोच्या टोपल्यांचा आहे. कामगाराचा फोटो विचारून काढा आणि पैसे द्या. ओझं उचलून बघायची हौस करू नका. टोपली कलंडली तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी सांडते.

सकाळी उजाडल्यावर काठाच्या कडेने फोटोसाठी मागे मागे सरकू नका. एप्रिल २०२४ मध्ये एक पर्यटक महिला अशीच पाय अडखळून खाली गेली आणि तिचा मृत्यू झाला.

चांदीचे पैंजण, जोडवी, अंगठ्या हॉटेलवर ठेवा, एका रात्रीत काळ्या पडतात. मोबाइलची काच ओल्या फडक्याने पुसा. कपडे वेगळ्या पिशवीत बांधा, दोन धुण्यांनंतरही वास राहतो. कामगार गंधकाची छोटी कासवं, फुलं करून विकतात. पैसे जरूर द्या, पण वस्तू विमानात नेऊ नका. गंधक ज्वालाग्राही आहे आणि सामानाच्या तपासणीत अडकतं.

खाणं आणि परतीचं विमान

शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत, फसगत होते. तेंपे, टोफू, गादो-गादो, पेचेल सगळीकडे मिळतं, पण सांबाल चटणीत ‘तेरासी’ म्हणजे सुक्या कोळंबीचा लगदा असतो. ‘तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा दागिंग’ एवढं पाठ करा: तेरासी नको, मासे नको, मांस नको. गोमांस न खाणाऱ्यांनी गाड्यांवरचं ‘बाक्सो’ टाळावं, ते बहुधा गोमांसाचेच गोळे असतात. पहाटेच्या चढाला चिवडा, गूळपोळी, राजगिऱ्याच्या वड्या बरोबर असू द्या. रात्री दोनला काही मिळत नाही.

केतापांगहून बालीच्या गिलिमानुकला फेरीबोट तासाभरात पोचते. जावाची वेळ आपल्यापुढे दीड तास, बालीची अडीच. केतापांगच्या किनाऱ्यावर मोबाइल कधी कधी समोरच्या बालीचा टॉवर पकडतो आणि घड्याळ तासाने पुढे जातं. इजेनच्या रात्री गजर लावताना वेळ आपोआप बदलण्याची सेटिंग बंद ठेवा, नाहीतर एकला उठायचे ते बाराला उठाल.

परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवा. जुलै २०१५ मध्ये इजेनशेजारच्या राउंगच्या राखेने बालीचा विमानतळ बंद पाडला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीमुळे पुन्हा उड्डाणं रद्द झाली. विमान कंपन्या उगाच घाबरत नाहीत. जून १९८२ मध्ये मुंबईत थांबून पुढे निघालेलं एक जम्बो विमान जावाजवळ गालुंगुंगच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. राखेतली काच इंजिनाच्या उष्णतेत वितळून आत चिकटते. ते विमान घरंगळत खाली आलं, इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि जाकार्ताला उतरलं, म्हणून आज सगळे सावध असतात. प्रवास विमा तिकिटाबरोबरच काढा. उद्रेकाची बातमी आल्यानंतर काढलेल्या विम्यात तो उद्रेक ‘आधीच माहीत असलेली घटना’ धरून दावा नाकारतात. पॉलिसीत ट्रेकिंगला उंचीची मर्यादा किती लिहिली आहे तेही वाचा. पेनांजाकान २,५०० मीटरच्या वर आहे.